रूपशा नदीतली दुपार

पुण्याहून पौड रस्त्याला लागायचं, चांदणी चौक ओलांडायचा, भूगाव मागे पडलं की भुकूम. आमच्या शिवारातून निघणाऱ्या राम नदीला नदी म्हणणं हे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर धाडसाचंच. खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग बावधन, पाषाण करत बाणेरच्या पुढे ती मुळेत शिरते. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करून हे पाणी अखेर बंगालच्या उपसागराला मिळतं. भुकूमचा समुद्राशी संबंध काय तो एवढाच. डोंगरापलीकडे खडकवासल्याला एनडीए असल्यामुळे गणवेशाचं आम्हाला नवल नाही. पण समुद्र लांब, आणि समुद्रावरची लढाई त्याहून लांब.

एकाहत्तरच्या युद्धात आपल्या नौदलाने काय केलं, असं कोणालाही विचारा. कराची पेटवली, हे पहिलं उत्तर. ‘खुकरी’ बुडाली आणि कॅप्टन मुल्ला तिच्याबरोबर गेले, हे दुसरं. विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली, हे तिसरं. चौथं उत्तर बहुतेक येत नाही. ते येत नाही याचं कारण लोकांचं अज्ञान नव्हे. ते उत्तर म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या नद्यांमधली आणि बंदरांतली लढाई. ती लपूनछपूनच करायची होती, आणि करणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं तोंडाला कुलूप घातलं. त्या लढाईचा सूत्रधार एक मराठी आडनावाचा कमांडर होता. मोहन नारायण राव सामंत.

सामंत म्हटलं की आपल्याला तळकोकण आठवतं, गलबतं आठवतात. हे सामंत मात्र पाण्याखालचे. १९६५ मध्ये भारताने सोव्हिएत युनियनकडून पाणबुड्या घेण्याचा करार केला. आपले अधिकारी आणि खलाशी तिकडे गेले, रशियन शिकले, यंत्रांवरची रशियन अक्षरं वाचायला शिकले. पहिली पाणबुडी ‘कलवरी’ १९६७ च्या डिसेंबरात रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, वर्षभराने ‘खांदेरी’, आणि ४ सप्टेंबर १९६९ ला ‘करंज’. ‘खांदेरी’ हे नाव शिवाजी महाराजांच्या जलदुर्गाचं, ‘करंज’ हे उरणजवळच्या करंजा बेटाचं. बाल्टिक समुद्राच्या काठावर, लाटव्हियातल्या त्या थंड बंदरात, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची ही दोन नावं पोलादावर रंगवली गेली याची मला उगाचच मौज वाटते. ‘करंज’चे पहिले कप्तान सामंत.

पाणबुडीवाल्या माणसाची घडण वेगळी असते. बंद डब्यात आठवडेच्या आठवडे राहायचं, आवाज करायचा नाही, आपण कुठे आहोत हे कोणाला कळू द्यायचं नाही. पुढे जे काम वाट्याला आलं त्याची तालीम सामंतांनी अशी आधीच केलेली होती.

काम सुरू झालं ते फ्रान्समधून, आणि तेही पाकिस्तानच्या एका पाणबुडीवरून. ‘मांग्रो’ ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी तुलाँ बंदरात होती. खलाशांचं शिक्षण संपत आलेलं, १ एप्रिल १९७१ ला तिने मायदेशी निघायचं. तिच्यावर १३ बंगाली होते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने जे केलं त्याच्या बातम्या बीबीसीवर यायला लागल्या. मार्च संपता संपता त्यातले नऊ जण पाणबुडी सोडून निसटले. एकाने वाट बदलली; उरलेले आठ माद्रिदच्या भारतीय वकिलातीच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून रोम, जिनिव्हा असा वळसा घेऊन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते भारतात पोहोचले. त्यांचा म्होरक्या अब्दुल वाहेद चौधुरी.

दिल्लीत तेव्हा नौदलप्रमुख होते ॲडमिरल नंदा आणि नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे संचालक कॅप्टन मिहिर रॉय. आठ शिकलेले पाणबुडे आयते हाती आले आहेत, त्यांचं करायचं काय? रॉय यांनी सुचवलेला बेत धाडसी होता आणि तरी हिशोबी होता. पश्चिम पाकिस्तान आणि पूर्व पाकिस्तान, म्हणजे आजचा बांगलादेश, यांच्यामध्ये अख्खा हिंदुस्थान आडवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर, भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली होती. त्यांना श्रीलंकेचा वळसा घालून जावं लागे. म्हणजे लष्कराचा दारूगोळा, धान्य, तेल, बाहेर जाणारा ताग, सगळं समुद्रावर टेकलेलं. बंदरं दोन: चितगाव आणि मोंगला. आणि देशाच्या पोटात रस्त्यांपेक्षा नद्या जास्त. बंदरं आणि नद्या बंद पाडल्या की फौजेची नाकेबंदी आपोआप होणार होती. मात्र युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. भारताचा यात हात आहे हे कोणालाही सिद्ध करता येता कामा नये, ही अट होती. या गुप्त मोहिमेला नुसतं ‘एक्स’ म्हटलं गेलं आणि ती प्रत्यक्ष चालवायची जबाबदारी आली कमांडर सामंतांवर.

छावणी पडली प्लासीला. होय, तीच प्लासी. १७५७ मध्ये क्लाइव्हने सिराजउद्दौल्याला हरवलं आणि बंगाल कंपनीच्या घशात गेला ते मैदान. शेजारून भागीरथी वाहते. निर्वासितांच्या छावण्यांतून पोरं निवडून आणली: कोणी कॉलेजात शिकणारं, कोणी शेतकऱ्याचं, बहुतेक विशीच्या आतबाहेर. एकच गोष्ट सगळ्यांना येत होती, पोहणं. बंगाली मुलाला पोहणं शिकवावं लागत नाही, जसं मावळातल्या पोराला डोंगर चढणं शिकवावं लागत नाही. शिकवायचं होतं ते रात्री पोहणं, आवाज न करता पोहणं, पोटाशी गमछ्याने सुरुंग बांधून प्रवाहाबरोबर तासन् तास वाहत जाणं. लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस, लेफ्टनंट समीर दास, लीडिंग सीमन चिमणसिंह ही आपल्या नौदलाची माणसं तिथे शिकवायला होती. खाकी नाही, पट्ट्या नाहीत.

सुरुंग होते लिंपेट जातीचे, लोहचुंबकाने जहाजाच्या तळाला चिकटणारे. कालव खडकाला चिकटतं तसे. त्यांचा खटका दाबून धरणारी गुल्ली पाण्यात विरघळे, आणि ती विरघळली की काही वेळात स्फोट. इथेच एक अडचण होती. पोहणाऱ्याला जहाजापर्यंत जायलाच तास-दीड तास लागणार. तोवर गुल्ली त्याच्या पोटाशीच विरघळायची. उपाय निघाला निरोधचा. गुल्लीवर तो चढवायचा, जहाजाला सुरुंग लावताना काढून टाकायचा. नौदलाच्या भांडारातून एवढे निरोध कशाला जातायत, हा प्रश्न कोणा ना कोणा कारकुनाला पडला असणारच.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये पोरं सीमेपलीकडे गेली. वायरलेस कोणाजवळ नव्हता. असता तर पकडला गेला असता. होते ते साधे ट्रान्झिस्टर. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून पंकज मल्लिकांचं एक ठरावीक गाणं लागलं की तयार राहायचं. त्यानंतर संध्या मुखोपाध्यायांचं दुसरं लागलं की त्याच रात्री पाण्यात उतरायचं. दुसरं गाणं होतं बाहुलीच्या सासरी जाण्याचं. स्वयंपाकघरात भात शिजत असताना हजारो घरांत ते वाजलं असेल, आणि त्याचा अर्थ मोजक्या दीडशे-पावणेदोनशे जणांनाच ठाऊक.

१५ ऑगस्टच्या आगेमागे चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज या चार ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी स्फोट झाले. चितगावात वाहेद चौधुरींच्या तुकडीने ‘अल-अब्बास’ आणि ‘हुर्मुझ’ ही मोठी जहाजं बुडवली. दोन्हींवर मिळून वीस हजार टनांच्या घरात लष्करी माल होता. तिथून पुढे नोव्हेंबरपर्यंत हे थांबलं नाही. बुडवलेल्या आणि निकामी केलेल्या जहाजांची बेरीज लाखभर टनांच्या आसपास धरतात. मला या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. परदेशी जहाज कंपन्या त्या बंदरांत जायला कचरू लागल्या. बंदराला टाळं लावायला प्रत्येक जहाज बुडवावं लागत नाही. कप्तानाची झोप उडवली तरी पुरतं.

पोहणाऱ्या पोरांनंतर सामंतांना हव्या होत्या बोटी. कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या दोन बोटी मिळाल्या, बंदरातली कामं करणाऱ्या, वेग बेताचा. त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या, नावं ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. अधिकारी भारतीय नौदलाचे, खलाशी बहुतेक बंगाली, पाकिस्तानी नौदल सोडून आलेले. ऑक्टोबरात बोटी तयार झाल्या आणि नोव्हेंबरात पसूर नदीच्या मुखाशी त्यांनी सुरुंग पेरले, चालना-मोंगल्याकडे निघालेल्या ‘सिटी ऑफ सेंट ऑल्बन्स’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर गोळे टाकून त्याला माघारी लावलं. आमच्या इतिहासात कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांनी असंच केलं होतं: मोठ्या जहाजाशी खुल्या दर्यात झुंजायला जायचं नाही, खाडीच्या तोंडाशी टपून बसायचं. बांगलादेशचं नौदल स्वतःची सुरुवात याच दोन बोटींपासून मोजतं.

३ डिसेंबरला युद्ध उघडपणे सुरू झालं. आता लपण्याचं कारण उरलं नव्हतं. ६ डिसेंबरला इच्छामती नदीवरच्या हसनाबादहून सामंतांचा छोटा ताफा निघाला. ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि त्यांच्या जोडीला नौदलाची गस्ती नौका ‘पनवेल’, कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा. (मुंबईला जाताना ज्या पनवेलला आपण फक्त टोल आणि गर्दी पाहतो, तिच्या नावाची नौका खुलन्याच्या लढाईत होती, हे तिथल्या किती जणांना माहीत असेल?) वाटेत सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ येऊन मिळाली. लक्ष्य होतं खुलना, तिथला पाकिस्तानी नौदलाचा तळ ‘तितुमीर’. बांबूचा किल्ला बांधून इंग्रजांशी लढलेल्या बंगाली तितुमीरचं नाव बंगाल्यांवर बंदुका रोखणाऱ्या तळाला दिलेलं होतं.

सुंदरबनातून जायचं म्हणजे नकाशावर भरवसा ठेवून चालत नाही. भरतीला जिथे दोन पुरुष पाणी असतं तिथे ओहोटीला चिखल उघडा पडतो. प्रत्येक वळण मागच्या वळणासारखं, दोन्ही तीरांवर तीच सुंदरीची झाडं. सामंतांच्या महावीरचक्राच्या मानपत्रात या वाटेला अत्यंत धोक्याची आणि अनोळखी म्हटलं आहे, ते शोभेसाठी नव्हे. ताफा मोंगल्याला पोहोचला तेव्हा तिथल्या फौजेला स्वप्नातही वाटलं नव्हतं की हल्ला जंगलाच्या बाजूने येईल. मोंगला पडलं. ‘चित्रांगदा’ला तिथे ठेवून बाकीच्या तिघी नदीने वर, खुलन्याकडे निघाल्या.

आकाशात तोवर फक्त आपली विमानं होती. पूर्वेकडची पाकिस्तानी हवाई ताकद पहिल्या तीन-चार दिवसांतच संपली होती. तेजगावची धावपट्टी उखडल्यावर त्यांचं एकही लढाऊ विमान उडू शकत नव्हतं. आपल्या वैमानिकांनी चुकून मारू नये म्हणून बोटींचे माथे ठळक पिवळे रंगवलेले होते. तशी कल्पना हवाई दलाला दिलेली होती.

१० डिसेंबर. दुपार व्हायला आलेली. रूपशा नदीवरची खुलन्याची गोदी नजरेच्या टप्प्यात आली होती. उंचावर तीन विमानं दिसली. ती आपलीच आहेत, गोळी झाडू नका, असा हुकूम सुटल्याचं त्या बोटींवरचे बंगाली खलाशी पुढे सांगत. विमानं वळली, खाली आली आणि त्यांनी मारा केला. ‘पद्मा’च्या इंजिनखोलीत गोळे घुसले. मग ‘पलाश’. ती नॅट विमानं होती, भारतीय हवाई दलाची.

या जागी मला दर वेळी थांबावंसं वाटतं. मानपत्रात ‘हवाई हल्ला झाला आणि ताफ्यातल्या दोन बोटी बुडाल्या’ एवढंच आहे. हल्ला कोणाचा, ते नाही. युद्ध चालू असताना, विजयाचा डंका वाजत असताना, ते लिहिणं अवघड होतं हे कळतं. पण मला वाटतं, हे एक वाक्य दडवलं गेल्यामुळे सामंतांच्या धैर्याचं खरं माप आपल्यापर्यंत पोहोचायला उशीर झाला. शत्रूच्या गोळ्याला तोंड द्यायची तयारी करूनच सैनिक घरातून निघतो. आपल्याच विमानाने आपली बोट फोडल्यावर, पाणी पेटलेलं असताना, माणसं बुडत असताना आणि तीरावरचे पाकिस्तानी बंकर त्या बुडणाऱ्या माणसांवर नेम धरत असताना, पुढचा हुकूम काय द्यायचा? परत फिरलं असतं तरी कोणी बोट दाखवलं नसतं.

सामंतांच्या हातात उरली होती एकटी ‘पनवेल’. त्यांनी ती तिथेच ठेवली. गोळ्यांच्या माऱ्यात उभं राहून पाण्यातली माणसं वर घ्यायला लावली, जेवढी हाती लागली तेवढी. आणि मग, उरलेली ताकद गोळा करून, ते पुन्हा खुलन्यावर चालून गेले.

सगळे हाती लागले नाहीत. ‘पलाश’चे इंजिनरूम आर्टिफिसर मोहम्मद रुहुल अमीन बोट सोडायचा हुकूम झाल्यावरही इंजिनापासून हलले नाहीत, आग विझवत राहिले. जखमी होऊन शेवटी पाण्यात उडी घेतली, तीर गाठला, आणि तीरावर पाकिस्तानी लष्कराच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशाच्या सर्वोच्च वीरपदकाचे, ‘बीरश्रेष्ठ’चे, एकूण सातच मानकरी आहेत. रुहुल अमीन त्यांतले एक. त्यांची कबर रूपशेच्या काठावर आहे.

आणि ते चिमणसिंह, प्लासीला पोरांना पोहायला शिकवणारे. बोट बुडाल्यावर तेही पाण्यात फेकले गेले, अंगात गोळ्याचे तुकडे घुसलेले. जवळच एक जबर जखमी अधिकारी बुडायला आला होता. त्याला ओढत त्यांनी तीरापर्यंत नेलं. वर आल्यावर, दोघा साथीदारांना निसटता यावं म्हणून, स्वतःला उघड्यावर आणून शत्रूच्या दिशेने धावले. गोळीबार त्यांच्याकडे वळला, साथीदार सुटले, चिमणसिंह पकडले गेले. युद्ध संपल्यावर सुटका होऊन ते दवाखान्यात दाखल झाले. खुलन्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली १७ डिसेंबरला, ढाक्यानंतर एका दिवसाने.

एकाहत्तरच्या युद्धासाठी नौदलाला आठ महावीरचक्रं मिळाली. विमानवाहू ‘विक्रांत’चे कप्तान, तिच्या विमानांचे स्क्वाड्रन कमांडर, कराचीवर गेलेले दोघे, खुकरीचे मुल्ला असे पाच. उरलेली तिन्ही, सामंत, नोरोन्हा आणि चिमणसिंह, या एका नदीतल्या लढाईची. बोटींच्या आकाराच्या हिशोबाने पाहिलं तर हे प्रमाण चकित करणारं आहे. चिमणसिंह तर या आठांत अधिकारी नसलेले एकटेच.

सामंतांनी ज्या ‘करंज’ला पाण्यात आणलं, ती त्याच डिसेंबरात विजयसिंह शेखावतांच्या हाताखाली पश्चिमेच्या समुद्रात गस्तीवर होती, शेखावत पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच युद्धात बंगालच्या उपसागरात ‘कामोर्टा’ ही युद्धनौका चालवणारे आणि वीरचक्र मिळवणारे मनोहर आवटी व्हाइस ॲडमिरल झाले, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले आणि सागर परिक्रमेच्या स्वप्नामुळे घरोघर पोहोचले. सामंत कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यावर पोवाडे झाले नाहीत. गुप्त मोहिमेचा हा एक नियमच दिसतो: ती जितकी चांगली पार पडते तितकं कर्त्याचं नाव मागे राहतं.

दोन वर्षांपूर्वीच्या ४ डिसेंबरला आमच्या इथल्या एका शाळेत नौदल दिनानिमित्त मुलांशी बोलायला गेलो होतो. कराचीची गोष्ट त्यांना पाठ होती. मी सामंतांची सांगितली. गाण्यांचा संकेत त्यांना फार आवडला, निरोधची गोष्ट मी अर्थातच गाळली. शेवटी एका मुलीने विचारलं, ‘काका, ज्यांनी बॉम्ब टाकले त्या पायलटला नंतर कळलं का?’ मी तिला म्हटलं, त्या वरून जाणाऱ्या माणसाला नदीत एक बोट दिसली, तिच्यातली माणसं नाही दिसली. उत्तर मला स्वतःलाच पुरलं नाही.

सामंतांनी उतारवयात या मोहिमेची हकिकत लिहून काढली. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्याबरोबर केलेलं ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक २०१९ मध्ये छापून आलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत सामंत वारले होते; छापील प्रत त्यांच्या हाती पडली नाही.